चिठ्ठीशिवाय मलम भेटत नाही

प्रतापनगर, नागपूर
ता. २१ जून १९८४

तीर्थस्वरूप सौ. पार्वतीअक्का यांना विश्वनाथचा साष्टांग नमस्कार. (आपण हल्ली गुडघ्यांना कुणाला हात लावू देत नाही असं गोपाळरावांनी मागच्या पत्रात कळवलं होतं, तेव्हा हा नमस्कार जरा लांबूनच घातलाय असं समजावं.) परतवाड्याला ऊन कसं आहे? आपला गुडघा, गोपाळरावांचं पोट आणि गच्चीवरचे पापड, तिन्ही ठीक असतील अशी आशा करतो. इकडलं सगळं क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून तसं लिहितो आणि मग खरं काय आहे ते सांगतो, म्हणजे रीतही राहील आणि आपल्याशी खोटं बोलल्याचं पापही लागणार नाही. या पत्रात मला आपल्याकडून काहीही मागायचं नाही. एका माणसाने दुसऱ्या माणसाला मनातलं सांगावं, एवढाच हेतू आहे.

आपल्या भाचीच्या, म्हणजे लतिकेच्या चेहऱ्यावर मुरुमं आली आहेत हे आपल्याला दिवाळीपासून ठाऊक आहे. तेव्हा आपण म्हणाला होतात की वयच आहे, आली तशी जातील. अक्का, ती गेली नाहीत. उलट त्यांनी आपली सगळी भावंडं बोलावून घेतली. उन्हाळ्यात अख्खं नागपूर तोंड बांधून फिरतं, त्यामुळे माझ्या हे बरेच दिवस लक्षातच आलं नाही. सायकलवर निघताना सगळ्याच पोरी डोळे तेवढे उघडे ठेवून ओढणी गुंडाळतात, तशी ही पण गुंडाळायची. पण घरात आल्यावरही सोडत नाही, कूलरपुढे बसल्यावरही सोडत नाही, असं दिसलं तेव्हा मी विचारलं, तर म्हणाली, "धूळ येऊन राहिली ना बाबा." कूलरमधून धूळ येत नाही, अक्का. पाण्याचे थेंब येतात, वाळ्याचा वास येतो, कधी कधी नुसताच आवाज येतो, पण धूळ येत नाही. आता ती चहासुद्धा भिंतीकडे तोंड करून पिते. मोरीजवळच्या आरशावर तिने टॉवेल टाकून ठेवलाय. तो काढायचा मला धीर होत नाही, म्हणून मी दाढी अंदाजाने करतो आणि कचेरीत लोक विचारतात की घरी मांजर पाळलं का.

हेही मी सोसलं असतं. पण हिवाळ्यात दिलेल्या मुलाखतीचं फळ म्हणून तिला इथल्याच मुलींच्या प्राथमिक शाळेची ऑर्डर आली. घरापासून चालत जाण्यासारखी शाळा, पहिलीचा वर्ग. शाळा येत्या मंगळवारी उघडते, म्हणजे आता आठवडाही राहिला नाही आणि पहिल्या दिवशी हजर झाली नाही तर जागा दुसरीला जाईल, असं मुख्याध्यापिकेने तोंडावर सांगितलंय. आणि लतिका म्हणते, चेहरा साफ झाल्याशिवाय मी वर्गात उभी राहणार नाही. मोठी माणसं मनात ठेवतात, पण पहिलीच्या पोरी विचारतील, बाई, तुम्हाला काय चावलं? मी म्हटलं, विचारतील आणि विसरतील. त्यावर ती उठून आत गेली. डी.एड.ला वर्गात पहिली आलेली पोर, अक्का, जी लहानपणी उंबऱ्यावर बाहुल्या मांडून त्यांना पाढे शिकवायची, ती हातातली नोकरी सोडून स्वयंपाकघरात अंधार करून बसलेली पाहिली की माझा घास घशाखाली उतरत नाही. या गोष्टी आईशी बोलायच्या असतात. सुमतीला जाऊन सहा वर्षं होतील. बाप फार तर बाजारातून एखादी वस्तू आणून देऊ शकतो, म्हणून मी बाजारात निघालो.

(आपण कळवलेला उपाय केला नाही असं समजू नये. जायफळ दुधात उगाळून लावलं. त्याने मुरुमं जागची हलली नाहीत, पण लतिकेला दुपारभर गाढ झोप लागली. मसुरीच्या डाळीचं पीठ लावलं, मुलतानी माती लावली. शेजारच्या इंदूबाईंनी कडुनिंबाचा पाला वाटून दिला, त्याने ती हिरवी झाली. शेवटी मी तिखट बंद केलं, आणि नागपुरात राहून आम्ही बापलेक पंधरवडाभर वरणाला जिरं-हिंगाची फोडणी देऊन जेवलो. माझी जीभ सुधारली, तिचा चेहरा नाही.)

मग तिच्या एका मैत्रिणीने आपली अर्धी संपलेली मलमाची ट्यूब आणून दिली. ती लावल्यावर आठवड्याभरात हनुवटीवरची लाली खरोखर कमी झाली. लतिकेने त्या दिवशी ओढणी नाकापर्यंत खाली घेतली. मी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं, कारण पाहिलं असं दाखवलं असतं तर ती पुन्हा वर गेली असती. पण ट्यूब ती केवढी, दोन पेरांएवढी. लाटण्याने लाटून लाटून तिच्यातला शेवटचा कण काढल्यावर ती चपटी ट्यूब खिशात घालून मी चौकातल्या औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदार ओळखीचा आहे, सुमतीच्या आजारपणात मी त्याच्या पायऱ्या झिजवल्या आहेत. त्याने ट्यूब उलटीसुलटी केली, चष्मा वर केला आणि म्हणाला, "चिठ्ठी लागते साहेब. चिठ्ठीशिवाय हे मलम भेटत नाही."

मी म्हटलं, मुरुमांचं तर आहे. तो म्हणाला, त्यावर लाल अक्षरात लिहिलंय, नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकावं. अक्का, माझ्या पुढे उभ्या असलेल्या माणसाने त्याच दुकानातून झोपेच्या गोळ्या नेल्या, विना चिठ्ठी. माझ्या मागच्या बाईने नवऱ्यासाठी ताकदीचं इंजेक्शन नेलं, विना चिठ्ठी, आणि ते कुठे टोचायचं तेही दुकानदारानेच सांगितलं. पण एका पोरीच्या गालाला लावायच्या मलमापाशी येऊन सरकारचा कायदा जागा झाला. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती हीच. मी वाद घातला, आवाज चढवला, शेवटी काउंटरवर हात आपटला. दुकानदार शांतपणे म्हणाला की गेल्या महिन्यात तपासणी होऊन गेली आणि तपासायला आलेल्या साहेबांनी नेमकं हेच मलम हातात धरून दाखवलं होतं, तेव्हा जीव गेला तरी हे देणार नाही.

परत येताना मला एका गोष्टीची लाज वाटली. मी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसतो. अर्जाला अर्ज जोडला नाही, सही आहे पण शिक्का नाही, शिक्का आहे पण उलटा, असं सांगून माणसं परत पाठवणं हेच माझं काम, आणि त्यात माझं नाव आहे. कागदाशिवाय काम होत नाही हे मला दुसऱ्या कुणी शिकवण्याची गरज नव्हती. तरी लाज गिळून मी चिठ्ठी मिळवायला निघालो.

पहिल्यांदा आपल्या नेहमीच्या डॉक्टर भुसारींकडे. आपल्याला आठवत असतील, गोपाळरावांचं पोट एकदा त्यांनीच धरलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हसून म्हणाले, "अहो, याला काय औषध करता? लग्न झालं की जातात." मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, ज्यांच्याकडे विचारायला गेलो ते म्हणतात, चेहरा साफ झाला की बोलू. म्हणजे वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, त्यातली गत. शिवाय मला तूर्त जावई नको आहे, मला मंगळवारी शाळेत जाणारी मुलगी हवी आहे. त्यावर ते विचारात पडले आणि त्यांनी खरोखरच चिठ्ठी लिहून दिली. मी ती छातीशी धरून दुकानात नेली. दुकानदाराने वाचली, मान डोलावली आणि एक बाटली पुढे ठेवली. ते जुलाबाचं औषध होतं. भुसारींचं म्हणणं, जगातली सगळी मुरुमं पोटातून येतात. बाटली अजून कपाटात आहे, गोपाळरावांना पाठवू का?

दुकानदाराला माझी दया आली असावी. तो म्हणाला, हे मलम लिहून देतील तर चामडीचेच डॉक्टर लिहून देतील, त्यांच्याकडे जा. आता अक्का, आपण परतवाड्याला राहता, आपल्याला कल्पना नसेल, पण चामडीच्या डॉक्टरची पाटी नुसती चामडीची नसते. लकडगंजात एका लाकडाच्या वखारीच्या माडीवर डॉ. सोनकुसरे यांचा दवाखाना आहे. पाटीवर त्वचारोग हा शब्द बारीक आहे. त्याच्याखाली गुप्तरोग हा शब्द एवढा मोठा की रस्त्यापलीकडून वाचता यावा आणि त्याच्याहीखाली महारोग. या तीन शब्दांच्या खालून जिना वर जातो. लतिकेला घेऊन मी एकदा त्या जिन्यापर्यंत गेलो होतो. तिने ओढणीच्या फटीतून पाटी वाचली, मीही वाचली, आणि आम्ही दोघेही एकमेकांशी न बोलता पुढे चालत राहिलो, जणू आम्हाला सागवानाचा भाव विचारायचा होता. लग्नाच्या वयाच्या मुलीला त्या जिन्यावरून कुणी उतरताना पाहिलं तर मुरुमं परवडली.

म्हणून मी एकट्याने जायचं ठरवलं. प्रतापनगरहून लकडगंज म्हणजे शहराचं दुसरं टोक, तिथे आपल्याला कोण ओळखतं, असा हिशेब. दुपारच्या उन्हात सायकल हाणत गेलो. वर बाकावर चार माणसं बसली होती आणि चौघांनी मिळून एकच वर्तमानपत्र पानं पानं करून वाटून घेतलं होतं, वाचायला नव्हे, तोंड झाकायला. मला एकदम लतिका आठवली. माझ्या वाट्याला पान उरलं नाही, म्हणून मी कॅलेंडरकडे पाहत बसलो. आत गेल्यावर डॉक्टरांनी दार लावून घेतलं, खुर्ची जवळ ओढली आणि फार मायेने म्हणाले, लाजायचं नाही, मोकळं बोलायचं, किती दिवसांची तक्रार आहे? मी म्हटलं, दिवाळीपासून. घरी पत्नी? वारली. अच्छा, म्हणाले, आणि त्यांनी अशी मान हलवली की त्यांना सगळं समजलं. बाहेरगावी जाणं होतं का? मी म्हटलं, गेल्या वर्षी शेगावला गेलो होतो. ते त्यांनी लिहून घेतलं. मग म्हणाले, कुठे आहे ते दाखवा. मी म्हटलं, चेहऱ्यावर. त्यांनी दिवा माझ्या तोंडावर धरला, दाढीच्या जखमा पाहिल्या आणि म्हणाले, तुमच्या चेहऱ्यावर वस्तऱ्याशिवाय काहीच झालेलं नाही.

तेव्हा मला खरं सांगावं लागलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, मुलीला आणा, तोंड पाहिल्याशिवाय मी चिठ्ठी देत नाही. मी हात जोडले. म्हटलं, डॉक्टर, तीच तर अडचण आहे, ती तोंड दाखवत नाही, तोंड दाखवावं म्हणून तर मलम हवंय, आणि तोंड दाखवल्याशिवाय मलम मिळत नाही. ते म्हणाले, कोणतं मलम कोणत्या कातडीला चालेल हे मला बघावंच लागतं, तुमच्या मुलीच्या जागी माझी मुलगी असती तरी हेच म्हणालो असतो. अक्का, तो माणूस बरोबर बोलत होता. समोरचा माणूस बरोबर बोलत असला म्हणजे भांडताही येत नाही आणि हातात काही पडतही नाही, त्यासारखं वाईट दुसरं काही नाही. मी रिकाम्या हाताने जिना उतरलो. त्या जिन्यावर मला रडू आलं. पन्नाशी उलटलेला माणूस मी, रुमालाने डोळे पुसत त्या पाटीखाली रस्त्यावर आलो.

आणि समोर देवराव. माझ्याच कचेरीतले, माझ्या शेजारच्या टेबलाचे देवराव. नव्या घराच्या दारासाठी फळ्या बघायला ते नेमके त्याच वखारीत आले होते. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग पाटीकडे, मग माझ्या ओल्या रुमालाकडे. "काहून गा विश्वनाथ, तू इकडं?" मी म्हटलं, सहज. आता त्या जिन्यावर सहज कोणी चढत नाही हे तोंडून शब्द गेल्यावर माझ्याही लक्षात आलं. मुलीचं नाव काढायचं नाही एवढंच डोक्यात होतं, म्हणून मी पुढे जोडलं, मुलीसाठी नाही, माझं स्वतःचंच काम होतं. देवरावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला, मग तो हात धोतराला पुसला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं आपण म्हणतो, पण मारुतीची निदान पूजा तरी होते.

दुसऱ्या दिवसापासून कचेरीत माझा चहा वेगळ्या पेल्यात येऊ लागला. सगळ्यांचे पेले काचेचे आणि माझा स्टीलचा, त्याच्या बुडाला लाल रंगाचा ठिपका. माझ्याशी सगळे फार हळू आवाजात बोलू लागले. मी जी फाइल हाताळली ती पुढचा माणूस टोकाला धरून उचलायचा. (आवक-जावकचं टेबल असल्याने सगळ्याच फायली मी हाताळतो, तेव्हा कचेरीचं काम जरा मंदावलं. ते कुणाच्या लक्षात आलं नाही ही गोष्ट वेगळी.) इंदूबाईंकडून रविवारी वाटीभर काहीतरी यायचं, तेही बंद झालं. सुमती गेल्यापासून, अक्का, मी कुणाच्या बायकोकडे मान वर करून पाहिलेलं नाही. पण हे ओरडून कुणाला सांगणार? सांगायचं तर मुलीची मुरुमं आधी सांगावी लागतील. मी गप्प बसलो आणि ठिपक्याच्या पेल्यातून चहा प्यालो. चहा तसाच लागायचा, पण मला फार वाईट वाटायचं.

गेल्या रविवारी देवराव घरी आले. माणूस मनाचा वाईट नाही. त्यांना वाटलं, रोगाचं मूळ एकटेपणात आहे, तेव्हा मुळावरच घाव घालावा. खुर्चीच्या अगदी कडेवर बसून ते म्हणाले, "एकट्या माणसाचं कठीणच असते गा. मले समजते. पण असं वाकड्या वाटेनं जाण्यापेक्षा सरळ दुसरं लग्न करून टाक ना." त्यांच्या माहितीत हिंगण्याला एक विधवा बाई होत्या, देवकी नावाच्या, स्वभावाने शांत, आणि त्यांना जुन्या गोष्टींचं काही वाटणार नाही असं देवरावांनी विचारूनही ठेवलं होतं. म्हणजे माझी कीर्ती हिंगण्यापर्यंत पोचली होती. मी खाली मान घालून ऐकत राहिलो. आतल्या दाराआड लतिका होती आणि तिने अक्षर न् अक्षर ऐकलं.

देवराव उठायच्या आत ती बाहेर आली. ओढणी नव्हती, अक्का. कित्येक महिन्यांनी मी दिवसाउजेडी तिचा चेहरा पाहिला. गाल लाल, सुजलेले, कपाळावर, हनुवटीवर, कुठे जुन्यांचे डाग, कुठे नव्यांची टोकं. ती देवरावांपुढे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काका, बाबा त्या दवाखान्यात यासाठी गेले होते. बघून घ्या नीट." तिने मान खाली घातली नाही. देवराव उठून उभे राहिले. त्यांचे हात कुठे ठेवायचे तेच त्यांना कळेना. शेवटी म्हणाले, "अवं पोरी, मले काय माहीत?" आणि चपला हातात घेऊनच पायऱ्या उतरले. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमच्याबद्दल लोक काय काय बोलून राहिले, आणि तुम्ही ऐकून घेऊन राहिले? उद्या मी येते वर." मी म्हटलं, पाटी. ती म्हणाली, असू द्या पाटी.

सोमवारी भर दुपारी आम्ही गेलो. रस्त्यावर सगळ्यांनी तोंडं बांधलेली आणि ती एकटी उघड्या चेहऱ्याने. वखारीतले हमाल पाहत होते. ती जिना चढली, मी मागून चढलो. बाकावरच्या एकाने तिच्यासाठी सरकून जागा केली आणि तोंडावरचं वर्तमानपत्र काढून तिला वारा घ्यायला दिलं. डॉक्टरांनी तिचा चेहरा दिव्याखाली नीट पाहिला, बोटाने दाबून पाहिला, दोन प्रश्न विचारले आणि चिठ्ठी लिहायला घेतली. लिहिता लिहिता मला म्हणाले, आईला होती का अशी? लतिका माझ्याकडे पाहत होती. मी म्हटलं, होती, पुष्कळ होती. (आपल्याला तर ठाऊकच आहे.) डॉक्टर म्हणाले, मग घराण्यातलंच आहे, घाबरायचं कारण नाही, पण मंगळवारपर्यंत काही जाणार नाहीत, महिने लागतात.

महिने लागतात हे ऐकून माझा धीर खचला. चौकातल्या दुकानदाराने चिठ्ठी पाहताच मलम काढून दिलं, एका शब्दाने नाही म्हणाला नाही. एवढ्या महाभारतानंतर ते इतक्या सहज हातात आलं की मला ते घ्यावंसंच वाटेना. ज्या मंगळवारसाठी हे सगळं केलं, त्याच्या आत तर चेहरा साफ होणारच नव्हता. पण जेवताना लतिका एकदम म्हणाली, आईला कुठे होती? मी म्हटलं, गालांवर, डाव्या गालावर जास्त. आणि तशीच ती हळदीकुंकवाला जायची? जायची. लग्नात उभी राहिली, सगळ्यांसमोर, तशीच? मी म्हटलं, हो, मान वर करून. ती बराच वेळ भात चिवडत राहिली. मग म्हणाली, "मग मीही जाते." आज तिने शाळेसाठी साडी इस्त्री करून ठेवली आहे. आरशावरचा टॉवेल तिने स्वतः काढला. मी आज सकाळी बऱ्याच दिवसांनी आरशात बघून दाढी केली, आणि फार म्हातारा दिसतो मी, अक्का.

तर असं सगळं आहे. सरकारला कुणी तरी लिहायला पाहिजे की मुलींच्या बापांचे हाल करू नका. गोपाळरावांना नमस्कार. त्यांच्या पोटाचं कळवावं.

आपला,
विश्वनाथ

ता. क. मंगळवारी ती शाळेत गेल्यावर निकाल कळवीन. आंब्याच्या लोणच्याची बरणी येणाऱ्या माणसाबरोबर पाठवली तर मी नाही म्हणणार नाही, तिखट पुन्हा सुरू झालं आहे.

ता. क. वर लिहिलंय की आपल्याकडून काही मागायचं नाही. तसं थोडं मागायचं आहे. लतिकेनेही आपल्याला आजच पत्र टाकलंय. मी वाचलं नाही, पण त्यात काय विचारलंय हे तिने मला सांगितलं. आई माझ्या वयाची होती तेव्हा कशी दिसायची, आणि तिला त्या मुरुमांचं काय वाटायचं, असं. आपण कृपा करून हो म्हणावं. गालांवर होती, डाव्या गालावर जास्त, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. तिचं शाळेत जाणं एवढ्या एका गोष्टीवर उभं आहे. तेव्हा एवढं खोटं आपण माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी लिहावं.

ता. क. खोटं असं लिहिलं, पण ते खोटं आहे की खरं हे मलाच माहीत नाही. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी आठवायला गेलो आणि काही आलंच नाही. एवढा संसार केला. तिची हाक आठवते, पोळी भाजताना चटका बसलेला अंगठा आठवतो, ती रागावली की भांडी कशी ठेवायची ते आठवतं, पण गाल आठवत नाही. भिंतीवर तिचा स्टुडिओतला फोटो आहे. फोटोवाल्याने ब्रश फिरवून चेहरा अगदी गुळगुळीत करून ठेवलाय आणि मी सहा वर्षं रोज त्यालाच हार घालतोय. आपण तिच्याबरोबर लहानाच्या मोठ्या झालात. लतिकेला हो लिहावं आणि मला कचेरीच्या पत्त्यावर वेगळं पत्र टाकून खरं कळवावं. मुरुमं असोत नसोत, एखादा तीळ असेल, व्रण असेल, असेल नसेल ते सगळं सविस्तर लिहावं. मला आता फोटोच आठवतो.